सोनूची पाचवी: फॅमिली ग्रुपवर

मावशी: अगं, सोनूचा हा कसला फोटो? तपकिरी झगा, कमरेला दोरी. तिकडे अमेरिकेत शाळेत गॅदरिंग होतं का?

ताई: नाही गं मावशी. 1 नोव्हेंबरला ऑल सेंट्स डे, म्हणजे सगळ्या ख्रिस्ती संतांचा सण असतो. पाचवीतल्या प्रत्येकाने एक संत निवडायचा, पानभर माहिती लिहायची आणि त्याच वेशात वर्गासमोर बोलायचं. सोनूने गोन्सालो गार्सिया घेतले.

बाबा: वसईचे.

मावशी: आपल्या वसईचे? संत?

बाबा: हो. सोळाव्या शतकात वसईत जन्म, पुढे फ्रान्सिस्कन म्हणजे संत फ्रान्सिसच्या पंथातले साधू झाले. 1597 साली जपानात नागासाकीला आणखी पंचवीस जणांबरोबर क्रूसावर मारलं त्यांना. 1862 मध्ये संतपद मिळालं. सोनूला नाव मीच सुचवलं.

ताई: बाकी वर्गात फ्रान्सिस तीन आणि पॅट्रिक दोन. हा एकच वेगळा निघाला, म्हणून टीचरनी नकाशावर वसई शोधायला लावली.

काका: ते ठीक आहे. पण सरळ विचारतो, राग मानू नकोस. पोरगं कॅथलिक शाळेत, रोज धर्माचा तास. उद्या काय होणार?

ताई: काका, राग कसला. रोज एक तास रिलिजनचा असतो, गणितासारखाच. गृहपाठ, चाचणी, रिपोर्ट कार्डवर ग्रेड, सगळं. आठवड्यातून एकदा अख्खी शाळा मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला जाते, त्यालाही जावं लागतं. फक्त कम्युनियनच्या, म्हणजे प्रसादाची भाकर घ्यायच्या रांगेत आपला मुलगा दोन्ही हात छातीवर फुलीसारखे ठेवून जातो, फादर आशीर्वाद देतात आणि तो परत जागेवर येतो. हिंदू, मुस्लिम, बिगर कॅथलिक ख्रिश्चन, सगळ्यांना तेच. हे प्रवेशाच्या वेळीच सांगितलं होतं. आम्ही सही केली ती वाचूनच.

वहिनी: मग त्या तासात शिकवतात काय नक्की?

ताई: पाचवीला मुख्य भर सात संस्कारांवर. बाप्तिस्मा, दृढीकरण, ख्रिस्तशरीर, प्रायश्चित्त, आजाऱ्यांना तेल लावणं, धर्मगुरूची दीक्षा आणि विवाह. प्रत्येकात खूण कोणती, पाणी की तेल की भाकर, आणि तिचा अर्थ काय, हे लिहायचं. शिवाय चर्चच्या वर्षाचे रंग. नाताळ आणि ईस्टरला पांढरा, त्यांच्या आधीच्या तयारीच्या काळात जांभळा, एरवी हिरवा. मागच्या आठवड्यात सोनूच मला विचारत होता, सांग, पेंटेकॉस्टला, म्हणजे पवित्र आत्म्याच्या सणाला कोणता? लाल.

मावशी: आपले सोळा, त्यांचे सात. सुटसुटीत आहे.

काका: मावशी, तुम्ही पण!

दादा: मला वेगळी शंका आहे. सायन्सचं काय? उत्क्रांती शिकवतात की सहा दिवसांत जग?

ताई: अरे दादा, त्या बाबतीत कॅथलिक शाळा निवांत आहेत. उत्क्रांतीला चर्चचा विरोध नाही, पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1996 मध्ये तसं स्पष्टच म्हटलं होतं. विश्व प्रसरण पावतंय हे 1927 मध्ये मांडणारे जॉर्ज लमेत्र तर स्वतः फादर होते. पाचवीत मात्र अजून एवढं खोल नाही. पदार्थ, अन्नजाळं, सावल्या आणि सूर्य, पाण्याचं चक्र. साखर विरघळली तरी वजन तेवढंच राहतं का, ते तराजूवर तोलून बघायचं. आणि घुबडाचे गोळे.

वहिनी: कसले गोळे??

ताई: घुबड उंदीर अख्खा गिळतं. हाडं आणि केस पचत नाहीत, त्यांचा गोळा करून ते तोंडावाटे बाहेर टाकतं. निर्जंतुक करून विकत मिळतात. दोघांत एक गोळा, चिमटा आणि दात कोरायची काडी. सोनूला एक पूर्ण कवटी मिळाली, पिवळसर दातांसकट. जबडा, बरगड्या, मागचे पाय असं सगळं काळ्या कागदावर चिकटवून त्याने उंदराचा सांगाडा उभा केला. एक फासळी उरली, ती कुणाची यावर दोघांचं भांडण झालं.

मावशी: शी! घुबड! शाळेत!

दादा: अन्नजाळं मी पुस्तकातल्या बाणांवर शिकलो. हे भारी आहे.

बाबा: गणिताचं बोल.

ताई: बाबा, तेच सांगायला आले होते. पाचवी म्हणजे अपूर्णांक, अपूर्णांक आणि अपूर्णांक. छेद वेगळे असलेली बेरीज. 3/4 + 2/5. पण लगेच उत्तर काढायचं नाही. आधी आयत काढायचा, चार उभे भाग, पाच आडवे, म्हणजे 20 घरं. 3/4 म्हणजे त्यातली 15, 2/5 म्हणजे 8. एकूण 23/20, म्हणजे एक पूर्णांक 3/20.

बाबा: आणि लसावि?

ताई: तो नंतर. आधी चित्रात 20 का येतात ते दिसलं पाहिजे म्हणे.

बाबा: पद्धत वाईट नाही. मुलं छेदांची पण बेरीज करून 5/9 लिहितात, ते याने थांबेल. आयुष्यभर तीच चूक तपासत आलो. पण पाढे?

ताई: पाढे बारापर्यंत. भागाकाराची मांडणीही उलटी, भागाकार उजवीकडे नाही, डोक्यावर लिहितात. मी शिकवायला बसले की तो म्हणतो, आई, तू चुकीच्या जागी लिहितेस.

काका: इतिहास? की तो फक्त येशूचा?

ताई: काका, अमेरिकेचा. तेरा वसाहती, 1776 चं स्वातंत्र्य, 1787 ची राज्यघटना. सध्या बॉस्टनचा चहा चालू आहे. 16 डिसेंबर 1773, बंदरात चहाच्या 342 पेट्या समुद्रात टाकल्या. पेट्या ईस्ट इंडिया कंपनीच्या.

काका: म्हणजे आपलीच ती?

बाबा: तीच. आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून. तिकडे चहा बुडवत होते, इकडे राघोबादादा गादीवर बसत होते आणि लवकरच मदतीला इंग्रजांकडे जाणार होते.

दादा: पुढचं पण सांगा. 1781 ला अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात यॉर्कटाऊनला हरलेला इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिस पाच वर्षांत इकडे गव्हर्नर जनरल होऊन आला. तिकडे हरला म्हणून घरी नाही बसवला.

ताई: हे सोनूला सांगते. त्याच्या पुस्तकात कॉर्नवॉलिस यॉर्कटाऊनलाच संपतो.

वहिनी: ताई, पण सरकारी शाळा फुकट असताना ही का? फी भरून?

ताई: वहिनी, घराजवळची सरकारी शाळा पण चांगलीच आहे. तिथे धर्माचा तास नसतो, शाळेने घ्यायची प्रार्थना तर 1962 मध्ये इथल्या सुप्रीम कोर्टानेच बंद केली. इथे वर्ग लहान आहे. आणि पाचवीच्या मुलांना बालवाडीतली एकेक मुलं वाटून दिली आहेत. मिस्साला त्यांना शेजारी बसवायचं, पुस्तक वाचून दाखवायचं. सोनूकडे आलेली मुलगी पहिले दोन आठवडे रडायची. आता ती त्याला "माझा मोठा" म्हणते आणि घरी तो कधी नव्हे तो स्वतःचा डबा धुतो. फी जास्त आहे, खोटं कशाला बोलू. सरकार इथे शाळेला आपल्याकडच्यासारखं अनुदान देत नाही, बराचसा भार पालकांवर आणि पॅरिशवर, म्हणजे इथल्या चर्चच्या मंडळींवर.

काका: म्हणजे तुझी काही तक्रारच नाही?

ताई: आहे की. धर्माची नाही, भूगोलाची. पन्नास राज्यं आणि पन्नास राजधान्या स्पेलिंगसकट पाठ करायच्या. जगाचा नकाशा भिंतीवर आहे, पण वर्षभरात तो वसईसाठीच काय तो उघडला. आफ्रिकेतले पाच देश विचार, तीन सांगेल, त्यातला एक चुकीचा. मी पालकसभेत बोलले, टीचर म्हणाल्या ते सहावी-सातवीत. बघू.

मावशी: त्याला मराठी वाचता येतं ना अजून?

ताई: या ग्रुपवरचं वाचतो. म्हणून जपून लिहा.

बाबा: कंचेभागुबेव शिकवलंय का त्यांना?

ताई: हो, पण इकडे त्याला पेमडास म्हणतात. त्यात गुणाकार आधी, भागाकार नंतर.

बाबा: चूक. दोघांचा मान सारखा, डावीकडून जो आधी येईल तो आधी. बेरीज-वजाबाकीचं पण तसंच. सोनूला विचार, 24 ÷ 6 × 2 किती? आणि इथे सगळ्यांनी सोडवा, 10 − 4 + 3. कॅल्क्युलेटर नको.

काका: 3.

दादा: काका...

सोनू (ताईच्या फोनवरून): पहिल्याचं 8. आणि काकाआजोबा, 9.