वजन न घटताही व्यायामाने रक्तवाहिन्या सुधारतात का?

प्रश्न: अतिस्निग्ध आणि गोड आहारामुळे वाढलेले माझे वजन चार महिने नियमित चालूनही फारसे उतरलेले नाही. तरीही रक्तवाहिन्यांना काही लाभ होत असेल का?

उत्तर १: होतो, आणि म्हणूनच केवळ वजनकाट्याकडे पाहून निराश होऊ नका. व्यायामात रक्तप्रवाहाचा वेग वाढला की वाहिन्यांच्या आतल्या अस्तरावर घर्षणाचा ताण पडतो, त्यामुळे तेथील पेशी नायट्रिक ऑक्साइड अधिक तयार करतात आणि वाहिनी सैलावते. लठ्ठपणात दाह (शरीरातील सूज) व ऑक्सिडीकरणाचा ताण (पेशींना इजा करणाऱ्या क्रियाशील रेणूंचा अतिरेक) यांमुळे नेमका हाच वायू अपुरा पडतो. (त्याच्या या कार्याच्या शोधाला १९९८ चे नोबेल पारितोषिक मिळाले होते.)

उत्तर २: वाहिन्यांभोवतीच्या चरबीचाही विचार व्हावा. निरोगी अवस्थेत ती वाहिनी सैल ठेवणारी द्रव्ये स्रवते, लठ्ठपणात मात्र दाहकारक. व्यायामाने हा बिघाड कमी होत असल्याचे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले आहे.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. किती चालावे?

उत्तर १: जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सुचवते. खंड पडल्यास मिळालेला लाभ काही आठवड्यांतच ओसरू लागतो.