अमायलॉइडच्या मागे एवढी वर्षं लागलो, हाती काय आलं?

मुळामुठा:
मेंदूत बीटा-अमायलॉइड नावाचं प्रथिन साचतं आणि तिथून अल्झायमर सुरू होतो, असं हार्डी आणि हिगिन्स या संशोधकांनी १९९२ साली मांडलं. मग पैसा, प्रयोगशाळा, औषधकंपन्या सगळे त्याच वाटेने गेले आणि औषधामागून औषध फसलं. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, २०२१ मध्ये ॲड्युकानुमॅब या अमायलॉइड काढणाऱ्या औषधाला मान्यता दिली, तीही स्वतःच्या सल्लागार समितीला डावलून. २०२४ मध्ये कंपनीनेच ते गुंडाळलं. लेकॅनेमॅब या तशाच दुसऱ्या औषधाच्या चाचणीत १,७९५ रुग्ण, दीड वर्ष, आणि औषध घेणारे व न घेणारे यांच्यात फरक किती? आजाराची तीव्रता मोजणाऱ्या १८ गुणांच्या मापावर ०.४५! मथळ्यांत मात्र 'घसरण २७ टक्के मंदावली'. भरीस भर म्हणजे 'नेचर'मधला २००६ चा गाजलेला लेख चित्रांतल्या फेरफारामुळे २०२४ मध्ये मागे घ्यावा लागला. माझ्या मते वाटच चुकली आहे.

गुणसूत्र_२१:
त्या लेखाचं पाप सगळ्या सिद्धांताच्या माथी कशाला मारता? तो अमायलॉइडच्या एका विशिष्ट गुच्छाबद्दल होता. खरा पुरावा आनुवंशिकतेत आहे. डाउन सिंड्रोममध्ये २१ व्या गुणसूत्राच्या तीन प्रती असतात, ज्यातून अमायलॉइड बनतं ते एपीपी जनुक त्यावरच बसलेलं, आणि चाळिशीपर्यंत जवळपास सगळ्यांच्या मेंदूत प्लाक, म्हणजे अमायलॉइडचे साठे, दिसतात. उलट आइसलँडमध्ये याच जनुकातला एक दुर्मीळ बदल सापडला (२०१२), ज्याने अमायलॉइड कमी बनतं आणि अल्झायमरपासून संरक्षण मिळतं. एकाच जनुकात एक बदल आजार आणतो, दुसरा आजार टाळतो. हा योगायोग?

मुळामुठा:
अमायलॉइडचा संबंधच नाही असं मी कुठे म्हटलं? पण कोलंबियातल्या त्या बाईंचं काय, ज्यांच्यावरचा लेख २०१९ मध्ये आला? प्रेसेनिलिन-१ या जनुकातल्या दोषामुळे त्यांच्या नात्यातल्यांची स्मृती चाळिशीतच ढासळते. यांची सत्तरीपर्यंत शाबूत. मेंदू अमायलॉइडने भरलेला, टाऊ हे अल्झायमरमध्ये साचणारं दुसरं प्रथिन मात्र कमी. मग न्यूरॉन मारतं कोण?

गुणसूत्र_२१:
टाऊ. पण त्याला वाट मोकळी करून देतं अमायलॉइड, आणि मधल्या भानगडीत मायक्रोग्लिया, म्हणजे मेंदूतल्या सफाई करणाऱ्या पेशी, सामील असतात. या पेशींशी निगडित टीआरईएम-२ हे जनुक २०१३ पासून चर्चेत आलं ते त्यामुळेच. टाऊ सगळीकडे पसरल्यावर अमायलॉइड काढून फार काही साधणार नाही. औषध फसलं म्हणून सिद्धांत फसला असं होत नाही, वेळ चुकली असू शकते.

धाकटी_सून:
तुमचं चालू द्या, पण घरात काय दिसेल ते कुणी सांगेल का? आमच्या सासूबाई संध्याकाळ झाली की माहेरी जायचं म्हणून पिशवी भरतात. लेकॅनेमॅब घ्यायचं तर दर दोन आठवड्यांनी सलाईन, अधूनमधून एमआरआय, चाचणीतल्या १२.६ टक्के लोकांना मेंदूत सूज. एवढं सोसून ०.४५ मध्ये ती पिशवी बसते का?

गुणसूत्र_२१:
ताई, खरं सांगायचं तर त्यांच्या टप्प्यावर हे औषध देतच नाहीत. ते अगदी सुरुवातीच्या रुग्णांसाठी आहे. आणि एपीओई-४ या, अल्झायमरचा धोका वाढवणाऱ्या जनुक-प्रकाराच्या दोन प्रती असतील तर सूज-रक्तस्रावाचा धोका सर्वांत जास्त.

धाकटी_सून:
बरं. निदान स्पष्ट सांगितलंत.

मुळामुठा:
बघा! ज्यांना गरज जास्त, त्यांच्या हाती काहीच नाही.

गुणसूत्र_२१:
म्हणून तर लक्षणं दिसण्याआधीच लेकॅनेमॅब देऊन बघणारी 'अहेड ३-४५' ही चाचणी सुरू केली. आधी अमायलॉइड काढलं तर आजार लांबतो का, हे तिथे कळेल.

मुळामुठा:
ठीक. पण तिथेही जमलं नाही तर 'अजून दहा वर्षं आधी द्यायला हवं होतं' असं म्हणायचं नाही, हे आत्ताच कबूल करा.