११० सीसी एटीव्हीला लांब स्ट्रोकचा क्रँक टाकायचाय, ब्लॉक तोच ठेवून जमेल का?

कातळवाट:
नमस्कार मंडळी. बागेत फिरवायला एक चायनीज एटीव्ही (जाड टायरची चारचाकी बाइक) घेतलीये, आडवं ११० इंजिन, बोअर (सिलिंडरचा व्यास) ५२.४ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) ४९.५ मिमी, पुढे तीन गिअर आणि एक रिव्हर्स, क्लच ऑटो. सपाटीला मस्त पळते पण मागे आंब्याचे दोन क्रेट टाकले की कातळावरचा चढ पहिल्या गिअरलाही रडत रडत चढते आणि वर पोचेपर्यंत तेल जळल्याचा वास यायला लागतो. ऑनलाइन ५५.५ स्ट्रोकचा क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतो तो शाफ्ट) दिसतोय, १२५ चा म्हणून विकतायत. ब्लॉक (सिलिंडर), हेड, पिस्टन आहे तेच ठेवून नुसता क्रँक बदलला तर चालेल का? आमचा मिस्त्री म्हणतो टाकून बघू, आणि मला त्या "टाकून बघू"चीच धास्ती आहे. स्प्लेंडरचा बसतो असंही एकजण म्हणाला.

तेलकट_हात:
नुसता क्रँक टाकून अजिबात नाही चालणार. स्ट्रोक ६ मिमी वाढला म्हणजे पिस्टन वर ३ आणि खाली ३ जास्त जाणार, वरचे ३ आणणार कुठून? हेडलाच आपटेल, किक मारतानाच कळेल. मग लोक ब्लॉकखाली ३ मिमीची प्लेट घालतात आणि खरी गंमत तिथून सुरू होते. टायमिंग चेनच्या (क्रँकवरून कॅम फिरवणारी आतली चेन) दोन्ही बाजू ३-३ ने वाढतात म्हणजे चेन ६ मिमी जास्त पाहिजे, पण या चेनची पिच (दोन पिनांमधलं अंतर) ६.३५ आणि लिंका वाढवायच्या तर जोडीनेच, म्हणजे थेट १२.७ मिमी. वर ताणाची बाजू लांबली की कॅमचं (व्हॉल्व्ह उघडणारा शाफ्ट) टायमिंग जवळपास अर्धा दात सरकतं, आणि अर्धा दात तुम्ही स्प्रॉकेट फिरवून कसा सेट करणार? त्यापेक्षा १२५ चाच ब्लॉक, पिस्टन, चेन असा अख्खा सेट घ्या. बसवताना रिंगा न घालता आधी हाताने पूर्ण फिरवून बघा, खाली पिस्टनचा घेर क्रँकच्या वजनांना घासतोय का, रॉडचं मोठं टोक इंजिनच्या केसला (बाहेरच्या कवचाला) लागतंय का. मग पिस्टनच्या माथ्यावर पोरांची क्ले थापून हेड बसवायचं, दोन फेऱ्या फिरवायचं आणि ती कापून मोजायची, व्हॉल्व्हपाशी दीड-दोन मिमी तरी राहिली पाहिजे.
स्प्लेंडरचं विसरा, तिचा बोअर ५० आणि स्ट्रोक ४९.५ च आहे. बसला तरी मिळणार काय? तुमच्याकडे आहे तोच स्ट्रोक.

दोन_दात_कमी:
क्रँकचा खर्च करण्याआधी जरा हिशोब करा. आत्ता १०६.७ सीसी आहे, ५५.५ ने होतं ११९.७, म्हणजे १२ टक्के वाढ आणि टॉर्कही साधारण तेवढाच वाढेल. पुढचं स्प्रॉकेट (चाकाची चेन फिरवणारं इंजिनकडचं दातेरी चाक) किती दातांचं आहे? १७ चं असेल तर १५ चं टाका, चाकावर १३ टक्के ताकद जास्त, इंजिनचा एक बोल्ट न उघडता. टॉप स्पीड तेवढाच कमी होईल पण बागेत कुठे चाळीसने जायचंय. आणि तो वास क्लच स्लिप होण्याचा आहे हो, प्लेटा घासल्या असतील तर मोठा क्रँक टाकून त्या अजूनच लवकर जळतील, आधी क्लच उघडा.

गॅरेज_सांगली:
स्प्रॉकेटचं बरोबर आहे पण क्रँकला उगाच नावं ठेवू नका, मधल्या आरपीएमला जो ओढा मिळतो तो वेगळाच. फक्त स्वस्तातला क्रँक आला तसा बसवायचा नाही. व्ही-ब्लॉकवर ठेवून डायल गेज लावा, रनआउट (फिरताना येणारी डगमग) ०.०३-०.०५ मिमीच्या वर असेल तर परत करा. हेड तेच ठेवलं तर कॉम्प्रेशन रेशो (मिश्रण किती पट दाबलं जातं) ९ चं १० च्या आसपास जातं, उन्हात लोड घेऊन चढताना इंजिन टकटक वाजायला लागेल. आणि ८००० आरपीएमला पिस्टनचा सरासरी वेग १३.२ मीटर सेकंदाचा १४.८ होतो, तोही त्या पातळ रॉडवर. आमच्याकडे एक गाडी आली होती, कुणीतरी जुन्या क्रँकची पिन वेल्डिंग करून सरकवलेली, केसला आतून खिडकीच पडली होती 😅 करायचंच असेल तर रिव्हर्सवालं अख्खं १२५ इंजिन घ्या, आडव्या इंजिनांचे माउंट बहुतेक सारखेच असतात, मोजून खात्री करा. क्रँक, ब्लॉक, मजुरी धरली तर खर्चात फार फरक राहत नाही.

कातळवाट:
दात मोजले, पुढे १७ च आहेत. क्लचचं कव्हरही उघडलं, प्लेटा काळ्या पडल्यात आणि एक तर वाकलीये. म्हणजे क्रँक तूर्तास राहू दे, क्लच प्लेटा आणि १५ चं स्प्रॉकेट मागवतो. चाकाच्या चेनवर ४२८ (चेनचा साइज) छापलंय, अजून काही बघायला लागेल का?

दोन_दात_कमी:
४२८ चंच घ्या, ४२० चं चालणार नाही. आणि स्प्रॉकेट बसतं तो शाफ्ट कॅलिपरने मोजा, १७ आणि २० मिमी असे दोन प्रकार येतात, दुकानदार न विचारता हातात देतो. दात कमी झाले की चेन थोडी ढिली पडेल, मागचा ॲक्सल ओढून घ्या.

तेलकट_हात:
क्लचवर कारचं ऑइल टाकू नका फक्त, परत स्लिप होईल. बाइकचंच.