बांगला ‘बीरांगना’ मराठीत कशी आणावी?

प्रश्न

बांगलादेशाच्या १९७१च्या मुक्तियुद्धात पाकिस्तानी सैनिकांच्या आणि त्यांच्या स्थानिक साथीदारांच्या लैंगिक अत्याचारांतून वाचलेल्या स्त्रियांविषयीच्या एका बांगला लेखाचा मी अनुवाद करीत आहे. अत्याचार मुसलमान स्त्रियांवर झाले तसे हिंदू स्त्रियांवरही झाले; हा लेख खेड्यांतल्या मुसलमान बायकांविषयी आहे. मूळ लेखात त्यांच्यासाठी सर्वत्र ‘बीरांगना’ हा शब्द येतो. तो ‘वीरांगना’ असा ठेवला, तर मराठी वाचकापुढे घोड्यावर बसलेली झाशीची राणी उभी राहते आणि वीरांगना म्हटलेल्या बाईला सासरी घेईनात, हे त्याला उमगत नाही. ‘पीडिता’ लिहिले तर मूळ शब्दातला गौरव नाहीसा होतो. जाणकारांनी सुचवावे.

उत्तर

शब्द बदलू नये, असे माझे मत आहे, कारण या शब्दाला स्वतःचा इतिहास आहे आणि तो इतिहास त्या स्त्रियांच्या दुःखाचाच भाग आहे. स्वातंत्र्य मिळताच शेख मुजीबुर रहमान यांच्या सरकारने या स्त्रियांना ‘बीरांगना’ हा किताब दिला. सरकारी आकडा दोन लाखांचा होता आणि इतक्या स्त्रियांना समाजाने घराबाहेर काढू नये, हा त्यामागचा हेतू होता. जी युद्धात उतरली तिच्यासाठी निराळे सन्मान होते: बंदूक हाती घेतलेल्या तारामन बीबी आणि सैन्यातल्या डॉक्टर कॅप्टन सितारा बेगम यांना ‘बीर प्रतीक’ हे शौर्यपदक मिळाले. म्हणजे बांगलादेशात हा शब्द लढणाऱ्या स्त्रीचा राहिलाच नाही; तो उच्चारला की बाईवर काय गुदरले होते ते चारचौघांत उघड होई. त्यातच बांगलात ‘व’चा उच्चार ‘ब’ होतो, त्यामुळे ‘बीरांगना’ आणि ‘बारांगना’ यांत एका स्वराचेच अंतर उरते. मराठीतही वीरांगना आणि वारांगना यांच्यात एवढीच फट आहे, आणि वारांगना म्हणजे वेश्या हे सांगायला नको. गावातल्या टवाळांनी ती फट बरोबर हेरली. गौरवाच्या शब्दाची शिवी झाली आणि पुष्कळ स्त्रियांनी तो किताब लपवून ठेवला.

शिल्पकार फिरदौसी प्रियभाषिणी यांनी १९९०च्या दशकाच्या अखेरीस आपली हकीकत स्वतःच्या नावानिशी सांगितली, तेव्हा कुठे हा शब्द ताठ मानेने उच्चारला जाऊ लागला. वाळलेल्या फांद्या, मुळे, टाकून दिलेले लाकूड यांतून त्या शिल्पे घडवीत. २०१५पासून बीरांगनांची नावे मुक्तियोद्ध्यांच्या सरकारी यादीत येऊ लागली आणि त्यांना सैनिकांसारखाच मासिक भत्ता मिळू लागला. प्रियभाषिणींना ही मान्यता २०१६ साली मिळाली. २०१८ साली त्या वारल्या. किताबापासून या यादीपर्यंत चव्वेचाळीस वर्षे गेली, आणि तेवढ्या काळात किती जणी तशाच गेल्या असतील याचा विचार मनातून जात नाही.

म्हणून ‘बीरांगना’ हे बांगला रूप ‘ब’सह ठेवावे आणि पहिल्या उल्लेखाला दोन वाक्यांचे स्पष्टीकरण द्यावे. मराठी ‘वी’ लिहिला की अर्थ निसटतो.

दुसरे उत्तर

‘ब’ ठेवण्याशी मी सहमत आहे. मात्र लेखातल्या इतर शब्दांकडेही लक्ष द्यावे. ‘दोन लाख आयाबहिणींच्या इज्जतीच्या मोबदल्यात’ स्वातंत्र्य मिळाले, हे वाक्य बांगलादेशात भाषणांतून सतत येते. त्याचा अनुवाद करताना ‘अब्रू लुटली’ असा आपला रुळलेला शब्दप्रयोग लेखकाच्या निवेदनात घुसू देऊ नये. अब्रू गेली असेल तर ती अत्याचार करणाऱ्याची गेली. भाषणातले वाक्य अवतरणातच राहू द्यावे.

‘बळी’ हा शब्दही टाळावा, कारण मराठीत बळी गेलेले माणूस परत येत नाही आणि इथे तर आपण जगलेल्या स्त्रियांविषयी बोलत आहोत. बोस्नियातही शब्दाची हीच अडचण आहे: तिथल्या भाषेत ‘झर्त्वा’ म्हणजे बळीही आणि यज्ञातली आहुतीही. तरीही विशेग्राड या तिथल्या गावच्या बाकिरा हासेचिच यांनी, ज्या स्वतः १९९०च्या दशकातल्या बोस्नियाच्या युद्धात अशाच अत्याचारांतून वाचल्या, आपल्या संघटनेच्या नावात तोच शब्द घेतला आणि गुन्हेगारांना कोर्टात खेचण्यासाठी वर्षानुवर्षे पुरावे गोळा केले. तिथल्या स्त्रियांनी तो शब्द आपणहून स्वीकारला, म्हणून त्यांच्या तोंडी तो शोभतो. आपण तो दुसऱ्या कुणाला परस्पर लावू नये.

‘पुनर्वसन’ हा शब्द मात्र जिथे सरकारी केंद्रांचा उल्लेख आहे तिथेच वापरावा. बांगलातही तोच आहे, आणि शिवणकाम, टंकलेखन शिकवणे, लग्ने लावून देणे हे सारे त्याखाली येत असे. तो दुसऱ्याने करायचा व्यवहार आहे. आपल्याकडे धरणग्रस्तांचे होते तसे. बाई स्वतः पुन्हा उभी राहते, झोप येऊ लागते, अंगणात चार माणसांत बसू लागते, त्याला मराठीत ‘सावरणे’ हा फार चांगला शब्द आहे. ‘तिचे पुनर्वसन झाले’ आणि ‘ती सावरली’ या दोन वाक्यांत कर्ता कोण आहे ते पाहावे.

प्रश्नकर्त्याकडून

दोघांचेही मनापासून आभार. ‘बीरांगना’ ठेवत आहे. ‘सावरणे’ मात्र सगळीकडे चालणार नाही, कारण लेखातल्या एका बाईला पन्नास वर्षांनीही दाराची कडी वाजली की दचकायला होते. तिच्यासाठी ‘तगून राहिली’ असे लिहिले आहे.