उत्सवाच्या काळात उघडणारा पूल बोटींसाठी बंद ठेवणे: किती वेळ आणि कोणत्या अटींवर?

काठावरचा (प्रश्न)

नमस्कार. नदीच्या दोन्ही काठांवर भरणाऱ्या एका मोठ्या सार्वजनिक उत्सवाच्या नियोजनात मी स्वयंसेवक म्हणून काम करतो. काठांना जोडणारा पूल दोन पात्यांचा, मधोमध उघडणारा आहे. उंच डोलकाठीची बोट आली की रस्त्यावरची वाहतूक थांबवून पाती वर उचलली जातात. एरवी यात कोणाची फारशी अडचण होत नाही. परंतु उत्सवाच्या तीन दिवसांत हाच पूल पायी चालणाऱ्यांचा मुख्य रस्ता होतो आणि रात्रीची आतषबाजी संपली की सारी गर्दी एकाच वेळी त्याच्याकडे वळते.

समितीतील बहुतेकांचे मत असे आहे की तिन्ही दिवस पूल सलग खालीच ठेवावा आणि उंच बोटींनी त्या काळात येऊच नये. बोटधारकांच्या संघटनेचा याला विरोध आहे. जलमार्गाचा हक्क रस्त्याच्या हक्काच्या आधीचा आहे, असे त्यांचे म्हणणे आहे. अशी बंदी कोणाच्या अधिकारात येते, ती किती काळ ठेवणे रास्त मानले जाते आणि बंदीच्या काळात एखाद्या बोटीवर संकट आले तर काय करायचे, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

सुकाणू

बोटधारकांचे म्हणणे केवळ हट्टाचे नाही. अनेक देशांत कायद्याचा मूळ कल त्यांच्याच बाजूचा आहे. लंडनचा टॉवर ब्रिज १८९४ मध्ये वाहतुकीला खुला झाला आणि आजही तेथे नदीच्या वाहतुकीला रस्त्याच्या वाहतुकीपेक्षा अग्रक्रम आहे; उंच बोटीने २४ तास आधी कळवले की तिच्यासाठी पूल विनाशुल्क उघडला जातो. मे १९९७ मध्ये अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या मोटारींचा ताफा तो पूल ओलांडत असतानाच ‘ग्लॅडिस’ या शिडाच्या बार्जची ठरलेली वेळ झाली, पाती उचलली गेली आणि ताफ्याची दोन तुकड्यांत विभागणी झाली. सुरक्षारक्षकांना तेव्हा काय वाटले असेल याची कल्पनाच केलेली बरी.

अधिकार कोणाचा हे देशागणिक बदलते. मी अमेरिकेतील पद्धत सांगतो, कारण तेथील नियम अतिशय तपशिलात लिहिलेले आहेत. तेथे नौकानयनयोग्य पाण्यावरील उघडणाऱ्या पुलांच्या वेळा तटरक्षक दल ठरवते. बोटीने मागणी केली की पूल तत्परतेने आणि पूर्ण उघडला पाहिजे हा सर्वसाधारण नियम, आणि उत्सव, शर्यत किंवा दुरुस्तीसाठी वेळापत्रकात तात्पुरता बदल हा त्याला अपवाद. तो बदल पुलाच्या मालकाने मागायचा असतो; उत्सव समिती थेट काही ठरवू शकत नाही. न्यूयॉर्क मॅरेथॉनच्या मार्गात पुलास्की, विलिस अव्हेन्यू आणि मॅडिसन अव्हेन्यू हे उघडणारे पूल लागतात, आणि शर्यतीच्या काही तासांपुरते पूल खाली ठेवण्याची परवानगी याच तरतुदीखाली दिली गेलेली आहे. ठरलेली मुदत संपताच पूल तत्काळ नेहमीच्या वेळापत्रकावर आला पाहिजे, हेही त्याच नियमात नमूद आहे.

अशा परवानगीच्या जाहीर सूचनेत तीन गोष्टी हमखास सांगितलेल्या असतात. खाली असलेल्या पुलाखालून जाऊ शकणाऱ्या बोटींना मुभा आहे का, आणीबाणीत पूल उघडता येईल का, आणि बोटींसाठी दुसरा जलमार्ग आहे का. आपल्या समितीने आधी या तिन्हींची खरी उत्तरे लिहून काढावीत. ‘तिन्ही दिवस सलग’ ही मागणी त्या कागदावर कितपत टिकते ते मग आपोआप दिसेल.

तुळई

वरील प्रतिसादात कायद्याची बाजू आली आहे. उघडणाऱ्या पुलांच्या देखभालीशी माझा कामानिमित्त संबंध आला असल्याने यंत्राची आणि गर्दीची बाजू मांडतो.

अशा पुलाच्या प्रत्येक पात्याच्या मागच्या टोकाला प्रतिभार असतो आणि तो पात्याच्या स्वतःच्या वजनाला तोलून धरतो. म्हणूनच शेकडो टनांचे पाते तुलनेने लहान यंत्रांनी उचलता येते. हा तोल रिकाम्या पात्याचा असतो. पात्यावर माणसे असताना ते हलवण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. पूल खाली असताना दोन्ही पात्यांची टोके मधोमध कुलपांनी एकमेकांत अडकवलेली असतात, जेणेकरून एका बाजूवर भार आला तरी सांध्यात पायरी पडू नये. म्हणजे पूल उघडायचा तर दोन्ही बाजूंचे अडसर लावणे, पाती पूर्ण रिकामी करणे, ती रिकामी झाल्याची खात्री करणे, कुलपे काढणे आणि मग उचलणे, असा क्रम असतो. रोजच्या वाहतुकीत हे सारे काही मिनिटांत उरकते.

उत्सवात या क्रमातील दुसरी पायरी, पाती रिकामी करण्याची, सगळे गणित बिघडवते. मोटारी अडसरापाशी थांबतात. माणसांचा लोंढा मात्र तसा थांबत नाही, कारण अडसर पडल्याचे मागच्यांना दिसत नाही आणि ते पुढे सरकतच राहतात. दर चौरस मीटरला चार-पाच माणसांपलीकडे दाटी गेली की व्यक्तीला स्वतःच्या इच्छेने हालचाल करणे कठीण होऊ लागते, आणि सहा-सातच्या पुढे जमाव द्रवासारखा हेलकावू लागतो. अशा वेळी उघडणाऱ्या पुलाच्या तोंडाशी अडसर टाकणे म्हणजे चेंगराचेंगरीला निमंत्रण देणे होय. बंदीचे खरे समर्थन मला येथे दिसते. लोकांची गैरसोय होते किंवा वाहतूक तुंबते हे कारण त्यापुढे फिके आहे, कारण गैरसोय बोटधारकांचीही होतेच.

वजनाबद्दलही प्रश्न येतील म्हणून सांगतो. पादचाऱ्यांचा भार साधारणपणे दर चौरस मीटरला ४०० ते ५०० किलोग्रॅम धरून पूल आखतात, आणि दाट गर्दी खरोखरच त्याच्या जवळपास पोहोचते. गाड्यांनी भरलेल्या रस्त्यापेक्षा माणसांनी भरलेला रस्ता जड असू शकतो. २४ मे १९८७ रोजी गोल्डन गेट पुलाच्या पन्नासाव्या वर्धापनदिनी सुमारे तीन लाख लोक पुलावर जमले तेव्हा एरवी कमानीसारखा दिसणारा त्याचा मधला भाग सपाट झाला होता. पूल सुरक्षित राहिला. तरीही मालकाच्या अभियंत्याकडून आपल्या पुलाच्या क्षमतेविषयी लेखी मत घ्यावे.

आणखी एक धोका सहसा कोणी विचारात घेत नाही. उचललेला पूल परत खाली आलाच नाही तर? जुलै २०२४ मध्ये न्यूयॉर्कचा थर्ड अव्हेन्यू पूल उष्णतेने पोलाद प्रसरण पावल्यामुळे उघड्या स्थितीत अडकला होता, आणि ऑगस्ट २०२० मध्ये टॉवर ब्रिजही यांत्रिक बिघाडामुळे पाती वर असताना अडकला. असे उत्सवाच्या ऐन रात्री झाले तर दोन्ही काठांवरची माणसे अडकतील. त्यामुळे गर्दीच्या आधीचे शेवटचे उघडणे निदान दोन तास अगोदर उरकलेले असावे, असे माझे मत आहे.

वल्हेकरी

बोटीच्या बाजूने थोडेसे. बंद पुलासमोर थांबणे हे सिग्नलपाशी गाडी थांबवण्याइतके सोपे नसते. प्रवाह बोटीला सतत ढकलत असतो. प्रवाहाविरुद्ध येणारी बोट इंजिनाच्या जोरावर जागच्या जागी धरता येते, पण प्रवाहाबरोबर खाली येणारी बोट पुलाकडेच ओढली जाते, आणि वारा असेल तर लांब कण्याची (तळाच्या मधल्या तुळईची) शिडाची बोट आडवी होते. म्हणून ज्या वेळी पूल उघडणार, त्या वेळी प्रवाहाबरोबर येणाऱ्यांना आधी सोडावे. अमेरिकेतील सिएटलच्या कालव्यावरील बहुतेक पूल कामाच्या दिवशी सकाळी ७ ते ९ आणि दुपारी ४ ते ६ या वेळांत लहान बोटींसाठी उघडत नाहीत, परंतु ही सूट १,००० टनांखालील बोटींपुरतीच आहे. मोठ्या जहाजाला अरुंद कालव्यात ताटकळत ठेवणे परवडणारे नसते.

आम्हाला वेळ ठाऊक असली की पुरते. दर दोन तासांनी अमुक मिनिटांनी पूल उघडेल असे आठवडाभर आधी कळले तर आम्ही त्याप्रमाणे निघतो. ‘परिस्थिती पाहून उघडू’ हे उत्तर मात्र सर्वांत वाईट, कारण त्यामुळे दहा बोटी पुलाजवळ घिरट्या घालत बसतात.

गर्दीमित्र

मी थोडे विरुद्ध मत मांडू इच्छितो. दर दोन तासांनी पूल उघडणे ऐकायला रास्त वाटते, पण प्रत्येक उघडण्यामागे पुलाच्या दोन्ही तोंडांशी गर्दी साचवणे आणि मग ती एकदम सोडणे आले, आणि ‘तुळई’ यांनी वर्णन केलेला धोका तितक्या वेळा निर्माण होणार. एकूण बंदी थोडी लांबली तरी चालेल, पण दुपारपासून मध्यरात्रीपर्यंत एकदाही पूल हलू नये, अशी माझी भूमिका आहे. बोटींसाठी पहाट आणि सकाळ मोकळी ठेवावी. अॅम्स्टरडॅममध्ये उंच डोलकाठीच्या बोटी रात्री जमवून ताफ्याने शहरातून नेतात, आणि तमिळनाडूतील पंबनच्या रेल्वे पुलावरही बोटी थांबवून ओळीने सोडण्याची पद्धत राहिली आहे. बोटी एकत्र सोडल्या तर एका उघडण्यात पुष्कळ काम होते.

काठावरचा

सर्वांचे आभार. ‘गर्दीमित्र’ आणि ‘वल्हेकरी’ यांच्या मतांत मला फारसा विरोध दिसत नाही, कारण दोघांनाही ठरलेली वेळ हवी आहे. दोन शंका राहतात. आतषबाजीचा तराफा पुलाच्या जवळच नदीत असतो, आणि ती पाहण्यासाठी आलेल्या कित्येक बोटी आतषबाजी संपल्यावर लगेच घरी निघू पाहतात. त्याच क्षणी पुलावर गर्दी सर्वाधिक असते. त्यांचे काय करावे? आणि आणीबाणीत पूल उघडू असे सूचनेत लिहावे का? समितीला तसे लिहिणे सोयीचे वाटते.

तुळई

दुसऱ्या शंकेचे उत्तर आधी देतो. पुलावर हजारो माणसे असताना किती मिनिटांत तो रिकामा करता येईल याची पोलिसांसह प्रत्यक्ष चाचणी झालेली नसेल, तर तसे लिहू नये. अडचणीत सापडलेल्या बोटीला कागदावरील त्या ओळीवर विसंबून पुलाकडे येऊ देणे हे ‘पूल उघडणार नाही’ असे स्पष्ट लिहिण्यापेक्षा अधिक घातक आहे. अमेरिकेतील सूचनांतही प्रसंगी आणीबाणीत पूल उघडता येणार नाही असे स्पष्ट लिहिलेले असते. तसे लिहायचे असेल तर पुलाच्या दोन्ही बाजूंना एकेक बचावबोट, वैद्यकीय मदत उतरवून घेण्याजोगा धक्का आणि थांबलेल्या बोटींना बांधण्याची जागा ठेवावी. एकाच बाजूला बचावबोट ठेवणे व्यर्थ आहे, असे नाही. ती बुटकी असेल तर पुलाखालून जाईल, पण संकटातली उंच बोट ओढत ती पलीकडे नेऊ शकणार नाही.

सुकाणू

आतषबाजीविषयी. तराफ्याभोवती सुरक्षित अंतर ठेवावेच लागते; अमेरिकेत दारूगोळ्याच्या व्यासाच्या प्रत्येक इंचामागे ७० फूट हे प्रमाण प्रचलित आहे, म्हणजे सहा इंची गोळ्यासाठी ४२० फूट, सुमारे १२८ मीटर. पूल त्या वर्तुळात किंवा त्याच्या काठाशी येत असेल तर त्या वेळेत बोटींना तेथून जाता येणारच नाही. मग पुलाची बंदी आणि पाण्यावरील बंदी यांच्या वेळा जुळवून एकच सूचना काढावी. दोन खात्यांनी दोन वेगळ्या वेळा जाहीर केल्या की बोटधारक सोयीची वेळ खरी मानतो.

पाहायला येणाऱ्या उंच बोटींना आधीच सांगावे की परतीच्या बाजूलाच नांगर टाका. ज्यांचे घर पुलाच्या वरच्या अंगाला आहे त्यांनी आतषबाजी वरच्या अंगाने पाहावी, म्हणजे नंतर पुलाची गरजच पडणार नाही. बहुतेक मोटरबोटी खाली असलेल्या पुलाखालून सहज जातात. त्यांच्यासाठी पुलाच्या खांबावरील उंचीचा फलक रात्री उजेडात राहील एवढे पाहावे. भरती-ओहोटीचे पाणी असेल तर ओहोटीच्या वेळी आणखी काही बोटी निघून जातील. केवळ अँटेना उंच आहे म्हणून पूल उघडण्याची मागणी करता येत नाही, ती खाली करावी लागते, हा अमेरिकेतील नियम आपल्या सूचनेतही घेण्यासारखा आहे.

समितीच्या पुढच्या बैठकीपूर्वी पुलाच्या मालकाकडून मागील काही वर्षांची उघडण्याची नोंदवही मागून घ्यावी. उत्सवाच्या तारखांना कोणत्या तासाला किती उंच बोटी गेल्या हे त्यातून दिसेल. दुपारच्या आत बहुतेक बोटी जात असतील तर ‘गर्दीमित्र’ यांचा प्रस्ताव संघटनेला मान्य होण्यास अडचण नसावी. संध्याकाळच्या नोंदी जास्त असतील तर दुपारी उशिरा, गर्दी चढण्यापूर्वी, ताफ्यासाठी एक वेळ राखून अर्ज करावा.