अंदमानला झोपडीवाल्या निवांत हॉटेलात आई-बाबांना नेऊ का? राहून आलेल्यांनी खरं सांगा

परभणीकर

नमस्कार मंडळी, जरा सल्ला पाहिजे होता. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झाले, सगळी नोकरी वर्गात सावरकरांची कोठडी शिकवली पण स्वतः कधी बघितली नाही, म्हणून जानेवारीत त्यांना आणि आईला अंदमानला न्यायचं ठरवलंय. सेल्युलर जेल एक दिवसाचं काम आहे, प्रश्न पुढच्या चार दिवसांचा. बायको तिथल्या हॅवलॉक बेटावरचं एक हॉटेल दाखवायली, बांबूच्या झोपड्या, वर पानांचं छत, नारळाला बांधलेले झोके, समोर समुद्र. एसी नाही, टीव्ही नाही. रिव्ह्यूमध्ये जो तो 'एकदम निवांत' एवढंच लिहून मोकळा. निवांत म्हणजे नेमकं काय ते मला कळेना. बाबांचे गुडघे दुखतेत, आई माळकरी आहे, अंडंसुद्धा चालत नाही. दोघांनी समुद्र बघितला तो एकदाच, गणपतीपुळ्याला. फोटो तर सगळीकडंच भारी दिसतेत, मला कुणीतरी चांगलं-वाईट दोन्ही सांगायला पाहिजे. पैशाचं म्हणाल तर एकदाच करायचंय त्यांच्यासाठी, पण वाया जायला नको.

गोदाकाठ, नांदेड

हॉटेलचं दुसरे सांगतील, मी प्रवासाचं सांगतो. आम्ही नांदेडहून रात्रीच्या गाडीनं हैदराबाद केलं आणि तिथून विमान, तुम्हाला परभणीवरून पण हेच सोपं. पोर्ट ब्लेअरचं नाव २०२४ पासून श्री विजयपुरम झालंय आणि हॅवलॉकचं २०१८ पासून स्वराज द्वीप, तिकीट काढताना दोन्ही नावं दिसतेत, गोंधळू नका. पुढं हॅवलॉकला बोटीनंच जावं लागतं, प्रायव्हेट बोट दीड-दोन तासात जाते, सरकारी जहाजाला जास्त लागतात. प्रायव्हेट बोटीत सगळं बंद एसी, लाटा असल्या की उलट्या होतात, उलटीची गोळी चढायच्या अर्धा तास आधीच द्या दोघांना, त्रास सुरू झाल्यावर देऊन उपयोग नाही.

आणि एक गोष्ट लिहून ठेवा. परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री पोर्ट ब्लेअरलाच मुक्काम करा. हवा बिघडली की बोटी रद्द होतात, आमच्या शेजारच्या खोलीतल्या कुटुंबाचं विमान त्याच्यामुळंच गेलं.

जेलबद्दल, सावरकरांची कोठडी सगळ्यात वरच्या, तिसऱ्या मजल्यावर अगदी टोकाला आहे. जिने चढावे लागतात. सर चढतीलच, पण सकाळी ऊन नसताना न्या आणि घाई करू नका.

मांजराकाठ, लातूर

दादा, मी सविस्तर लिहिते कारण आम्ही जाण्याआधी मला पण हेच कुणीतरी सांगायला पाहिजे होतं. मागच्या जानेवारीत गेलो होतो, मी, नवरा आणि सासूबाई. विजयनगर बीच, तिथं त्याला ५ नंबर म्हणतेत, तिथल्या झोपड्यांत चार रात्री. हॉटेलचं नाव सांगत नाही, तक्रारी आहेत आणि माणसं मनानं चांगली होती.

पहिलं म्हणजे समुद्र. आम्ही दुपारी दोनला पोचलो, बॅगा टाकून पळत गेलो तर समुद्रच नाही. पाणी पार लांब गेलेलं, मधी नुसते दगड, चिखल, मेलेलं प्रवाळ आणि खेकडे. सासूबाई म्हणल्या, मांजरा धरण आटलं तवा असंच दिसायचं बघ. खोटं कशाला बोलू, मला रडू यायचं बाकी राहिलं होतं, एवढा पैसा घालून हे बघायला आलो का म्हणून. मग रात्री जेवून आलो तर तेच पाणी झोपडीच्या पायरीपासून दहा पावलांवर आलेलं! आपल्याला धरण माहीत, नदी माहीत, भरती-ओहोटी कुठं माहीत. दिवसातून दोनदा पाणी येतं, दोनदा जातं, आणि रोज साधारण पाऊण तास उशिरा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तवा पाणी फार आत येतं आणि तेवढंच फार लांब जातं, अष्टमीच्या आसपास फरक कमी. म्हणून बुकिंगच्या आधी कालनिर्णय काढून तिथी बघा, हे मी अगदी मनापासून सांगायले. आणि पूर्वेकडची किनारपट्टी उथळ आहे, पोहायला, डुंबायला पश्चिमेचं राधानगर, ७ नंबर. तिथं ओहोटीतही वाळूच असते, लाईफगार्ड असतेत, ते शिट्टी मारले की बाहेर यायचं. खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत त्या बेटांवर, २०१० मध्ये राधानगरजवळच्या खाडीपाशी एक अमेरिकन बाई त्यात गेली, तर जिथं बोर्ड लावलाय तिथं पाण्यात पाय पण घालू नका.

दुसरं, अंधार. घड्याळ आपलंच पण सूर्य आपल्यापेक्षा तासभर आधीच उगवतो आणि बुडतो. जानेवारीत सव्वापाचच्या सुमारास सूर्य गेला, सहाला काळोख. झोपडीत एक पिवळा बल्ब, बाहेर वाटेवर दिवे नाहीत, आणि तिथून पुढं रात्र केवढी लांब! टॉर्च न्या, प्रत्येकाला वेगळी. लाईट रोज जायची, जनरेटर लावायचे पण पंखा फिरेपर्यंत पंधरा-वीस मिनिटं घामानं भिजायचं. मच्छरदाणी होती, तिला भोक होतं आणि त्या भोकाला चक्क बँडेजची पट्टी चिकटवलेली. छतात मोठी पाल, रात्री ओरडायची. सासूबाईंना तिचं काही नाही वाटलं, मलाच झोप येईना.

तिसरं, वाळूतले किडे. डासापेक्षा बारीक, चावताना कळत नाही, दुसऱ्या दिवशी गांधी उठतेत आणि आठवडाभर खाज जात नाही. सासूबाईंच्या घोट्यावर साडीच्या काठापर्यंत लाल गांधी आणि काठाच्या वर एक पण नाही, अशी रेघ मारल्यावाणी. तर पाय झाकून ठेवा, वाळूवर तसंच बसू नका, जाड चटई घ्या, खोबरेल तेल लावलं तर कमी चावतेत.

जेवण. सांगितल्यावर सव्वा तास. आचारी एकच, आणि गॅस पण दोनच शेगड्यांचा. पहिल्या दिवशी नवरा चिडला, दुसऱ्या दिवसापासून आम्ही सकाळी नाष्ट्यालाच दुपारचं सांगून टाकायचो, मग बरोबर वेळेवर यायचं. निवांत हॉटेल म्हणजे हे दादा, तिथं तुमच्यामागं कुणी पळत नाही, तुम्हालाच त्यांच्या वेळेला जुळवून घ्यावं लागतं. शाकाहाराचं सांगते, ती सगळी वस्ती बंगाली आहे, फाळणीनंतर पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांना सरकारनं तिथं जमिनी देऊन वसवलं, मासा म्हणजे त्यांचं रोजचं जेवण. पण गावांची नावं बघा, गोविंदनगर, कृष्णनगर, श्यामनगर, राधानगर, तुमच्या आईला ऐकूनच बरं वाटेल. आचाऱ्याला आम्ही हात जोडून सांगितलं की पळी न कढई वेगळी ठेवा, त्यानं आमच्यासमोर नवी कढई काढली आणि चारी दिवस वेगळी ठेवली. वरण-भात, बटाटा, वांगं, भोपळा, पुऱ्या. भाजी बरीचशी शेजारच्या नील बेटावरून येते. भाकरी विसरा.

आता पाणी. हे मला लिहायचंच होतं. मोरीत एक पाटी होती, पाणी जपून वापरा. नळाचं पाणी मचूळ, साबणाला फेस येत नव्हता, आणि टाकी दिवसातून दोनदाच भरायचे. शेजारच्या झोपडीतल्या पोरांनी त्याच्यावरून मालकाशी मोठं भांडण केलं, पैसे मोजलेत म्हणून. आमच्या सासूबाईंनी काय केलं, अंघोळीचं पाणी टबात धरलं, त्यात कपडे धुऊन काढले, ते पाणी पायरीवर टाकून वाळू धुतली. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणलं, पहिल्या गाडीला १० वाघिणी होत्या, ५ लाख लिटर, तेव्हा आमच्या गल्लीत घागरींच्या रांगेत त्या तीन-तीन तास उभ्या राहिल्यात, त्यांना कुणी पाटी दाखवायची गरज नाही. झाडायला येणारी बाई ते बघत होती. तिनं विचारलं, आपके उधर भी पानी नहीं है क्या? मग दोघी पायरीवर बसल्या, सासूबाईंचं मोडकं हिंदी, तिचं बंगाली वळणाचं, अर्धा तास पाण्यावरच बोलत होत्या. चारी बाजूला समुद्र आणि पिण्याचं पाणी मोजून, हे त्या अजून सगळ्यांना सांगतेत.

आणि चांगलं काय ते. सासूबाई चाळीस वर्षं पहाटे चारला उठल्यात, रिकामं बसणं माहीतच नाही. पहिले दोन दिवस त्यांना काही सुचेना, झोपडीसमोरचं अंगण झाडलं, आमचे कपडे तीनदा घड्या घालून ठेवले, घरी फोन लावून लावून दमल्या कारण रेंज धड नाही. मला वाटलं आपण ह्यांना शिक्षाच केली. तिसऱ्या दिवशी नाष्टा झाल्यावर त्या पायरीवर बसल्या, पाय खाली सोडून, आणि दुपारपर्यंत तिथंच बसून होत्या. पाणी समोर होतं ते हळूहळू मागं गेलं, ते सगळं बघितलं. मी जेवायला बोलवायला गेले तर म्हणल्या, थांब गं, ते होडकं टेकू दे खाली. पाणी गेलं की होड्या चिखलात टेकतेत, त्याची त्या वाट बघायल्या होत्या. मी बाजूला बसले. एवढ्या वर्षांत आम्ही दोघी कामाशिवाय अशा शेजारी कधी बसलोच नव्हतो.

म्हणून माझं मत, दोन रात्रींसाठी असल्या हॉटेलला जाऊ नका, दोन दिवस नुसता त्रास दिसतो. तीन तरी पाहिजेत.

पैठणगेट

ताईंनी चांगलं लिहिलंय पण मी उलटं सांगणार, कारण गुडघ्याचा विषय आहे. आम्ही वडिलांना अशाच झोपडीत ठेवलं होतं, दुसऱ्या बेटावर, हॉटेल कोणतं ते राहू द्या. बाथरूम वरून उघडं, रात्री पाऊस पडला, फरशी ओली, एक पायरी खाली उतरायची होती ती अंधारात दिसली नाही आणि वडील पडले. मनगट सुजलं. बेटावर प्राथमिक आरोग्य केंद्र असतं पण एक्स-रेसाठी आम्हाला दुसऱ्या दिवशीच्या बोटीनं पोर्ट ब्लेअरला जावं लागलं. मोडलं नव्हतं, मुरगळलं होतं, पण ती रात्र मी विसरत नाही. हॉटेलच्या माणसाला उठवायला गेलो तर ऑफिसला कुलूप. निवांत असावं माणसानं, पण रात्री एक तरी माणूस जागा पाहिजे ना.

आणि वडिलांना रोज पेपर लागतो, टीव्हीवर बातम्या लागतात. त्यांना कंटाळा आला, स्पष्ट सांगतो. माझ्या मते पक्क्या खोलीचं, एसीचं हॉटेल घ्या आणि समुद्र बघायला रिक्षानं जा. जेट्टीपासून राधानगर बारा किलोमीटरच आहे.

मांजराकाठ, लातूर

दादा तुमचं पटतंय मला, वडील पडले हे वाचून वाईट वाटलं. आमच्याकडं पण रात्री ऑफिसात कुणी नसायचं, हे मी लिहायला पाहिजे होतं.

परभणीकर दादा, फोन करून हे विचाराच. कमोड आहे का, मोरीत उतरायला पायरी आहे का, रात्री कोण असतं आणि त्याचा नंबर. आणि एक प्रश्न कुणालाच सुचत नाही, रिक्षा जिथं सोडते तिथून झोपडीपर्यंत वाळूतून किती चालायचं. वाळूत पाय रुततो, गुडघेदुखीच्या माणसाला शंभर पावलं सुद्धा जड जातात. आम्ही समुद्राला लागून झोपडी घेतली होती, सासूबाईंना दरवेळी जेवायला जायला त्रास व्हायचा. मागच्या ओळीतली, रस्त्याजवळची घ्या, स्वस्त पण असते. आम्हाला पुढची साडेतीन हजाराला पडली रात्रीला, मागच्या अडीचला होत्या.

बाकी तुमचे बाबा कसे आहेत ते तुम्हालाच माहीत. गप्प बसून बघणारे आहेत का?

परभणीकर

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री अख्खं बाबांना वाचून दाखवलं. कोठडी तिसऱ्या मजल्यावर आहे म्हणल्यावर म्हणाले, ते लोक खोबऱ्याचा घाणा ओढून वर चढायचे, मी रिकाम्या हातानं चढतो, त्याची काळजी करू नको. गप्प बसण्याचं विचारलं तर आईच बोलली, ते शेतात विहिरीच्या कडेला दिवसभर बसतेत की.

मग असं ठरवलंय, दोन रात्री पोर्ट ब्लेअर, तीन रात्री ५ नंबरला मागच्या ओळीत, परत एक रात्र पोर्ट ब्लेअर. हॉटेलला फोन केला, कमोड आहे, मोरीला पायरी आहे पण एका बाजूला धरायला बांबू लावून देतो म्हणाला. रात्रीच्या माणसाचा नंबर घेतला. तिथी बघून तारीख अष्टमीच्या जवळची काढली. आई विचारायली की धपाटे किती दिवस टिकतील, आणि शेंगदाण्याची चटणी विमानात नेऊ देतात का?

गोदाकाठ, नांदेड

कोरडी चटणी आम्ही नेली होती, कुणी काही म्हणलं नाही. लोणचं मात्र हातातल्या बॅगेत ठेवू नका, तेलाचं आहे म्हणून काढून घेतेत, मोठ्या बॅगेत घट्ट बांधून टाका.

मांजराकाठ, लातूर

धपाटे तिथल्या दमट हवेत दोन दिवसांच्या वर नाही टिकत, आमच्या तिसऱ्या दिवशी वास यायला लागला. बोटीत आणि पहिल्या दिवशी संपतील एवढेच करा म्हणावं. आणि चटणी जरा जास्तच द्या, आमच्या आचाऱ्यानं मागून घेतली होती.