उंची चार फूट अकरा. पँट कापून घेतली तरी बसत नाही, काय बघून घ्यायची?

मुक्ता_ठाणे:
मैत्रिणींनो, मदत हवी आहे. माझी उंची चार फूट अकरा, कंबर २८. पंधरा वर्षं शाळेत शिकवलं, तिथे साडी नाहीतर पंजाबी ड्रेस. जूनपासून फोर्टमधल्या एका ऑफिसात लागले आहे आणि तिथे बहुतेक जणी पँट-शर्टमध्ये येतात. मलाही घालायच्या आहेत, अगदी मनापासून. गर्दीच्या लोकलमध्ये ओढणी सांभाळत उभं राहायचा कंटाळा आलाय.

मॉलमधल्या एका मोठ्या दुकानातून सेलमध्ये ग्रे बूटकट (गुडघ्याखाली घेर होत जाणारी) पँट घेतली, १,७९९ रुपयांना. पायाची आतली लांबी ३१ इंच. घराजवळच्या टेलरने मला उभं केलं, खाली टाचणी लावली, चार इंच कापून मशीन मारून दिली. पहिल्याच धुण्यात आणखी आखडली. आता ती घोट्याच्या दोन बोटं वर राहते. त्याहून वाईट म्हणजे गुडघ्याला आवळायला हवी ती पोटरीवर आवळते, आणि घेर सुरू होतो न होतो तोच पँट संपते. पुढे आसनाला, म्हणजे दोन पाय जुळतात तिथून कंबरेपर्यंतच्या भागाला, कापडाची झोळी झाली आहे. पहिल्या दिवशी घालून निघाले आणि जिन्यातून परत फिरून ड्रेस चढवला.

लांबी कापून भागत नसेल तर दुकानात नेमकं काय बघायचं? हील सुचवू नका. सकाळी आठला ठाणे स्टेशनचा पूल हील घालून चढणं मला जमणार नाही.

निळीशाई:
मी पाच फूट. हाय वेस्ट घे, शर्ट आत खोच, पँट आणि चप्पल एका रंगाची ठेव. पाय लांब दिसतात, नक्की. ग्रे पँटवर पांढरे बूट अजिबात नको, नजर तिथेच अडकते.

सुईदोरा:
मुक्ता, मी डोंबिवलीत घरीच अल्टरेशन करते, बावीस वर्षं झाली. तुझ्यासारख्या उंचीच्या बायका दर आठवड्याला येतात आणि प्रत्येक जण म्हणते, “ताई, फक्त लांबी कमी करा.” लांबी हे शेवटचं काम. तयार पँट तुझ्यापेक्षा उंच बाईच्या मापावर बेतलेली असते. म्हणजे तिचं आसन खोल, तिचा गुडघा खाली, खिसेही खाली. तळातून चार इंच कापले तरी गुडघा तिथेच राहतो. बूटकट त्या गुडघ्यापासूनच पसरत जाते, म्हणून तुझी अशी झाली. टेलरने कापली सरळच असणार, पण बूटकट कापायला घ्यायच्या आधी तुला हे सांगायला हवं होतं.

तेव्हा आधी आसन. घरातली जी पँट किंवा पँटसारखी शिवलेली सलवार पुढून नीट बसते तिचं माप घे: आसनाच्या शिवणीपासून वर बेल्टच्या (कंबरपट्टीच्या) काठापर्यंत. हे माप टेपसकट पर्समध्ये ठेव आणि दुकानात पँट टेबलवर पसरून आधी तिथेच टेप लाव. तुला बहुतेक साडेनऊ-दहा इंच पुरेल. निळीशाई म्हणते ती हाय वेस्ट बऱ्याचदा बारा इंचांची असते. तुझ्या अंगावर तिचा बेल्ट बरगड्यांना टेकेल, नाहीतर ती खाली घसरून झोळी होईल. तुझी पँट जी कंबरेवर बसते ती खरी हाय वेस्ट, लेबलवर काहीही लिहिलेलं असो. आसन कमी करता येतं, पण बेल्ट उसवून, चेन आखूड करून, वरून कापड काढून परत बेल्ट बसवावा लागतो. त्या मजुरीत अर्धी पँट येते. मी सहसा नाहीच म्हणते.

मग पायाचा आकार. मांडीपासून सरळ खाली येणारी पँट घे, तिला गुडघाच नसतो, कितीही कापा. खाली निमुळती होणारी कापली की मोहरी (पायाचं खालचं तोंड) रुंद होते, ती दोन्ही बाजूच्या शिवणींतून आत घ्यावी लागते, पण ते सोपं आहे. बूटकट सोड. आणि ज्या पँटवर ‘अँकल लेंथ’ लिहिलेलं असतं त्या आधी बघ! त्यांची आतली लांबी साधारण २७ इंच असते. उंच बाईला ती घोट्यावर येते, तुझ्या उंचीला चपट्या बुटावर पूर्ण लांबीची होते. सुईसुद्धा लावावी लागत नाही.

कापायचीच असेल तर आधी धुऊन, वाळवून, इस्त्री करून मगच. कॉटन, लिनन, व्हिस्कोस ही सगळी पहिल्या पाण्यात थोडीफार ओढतातच. टेलरकडे जाताना रोजचे बूट घालून जा, पँट कंबरेला जिथे घालणार तिथेच असू दे. तुझ्या वेळी ती खाली घसरलेली असणार, म्हणून माप चुकलं. मागून टाचेजवळ जमिनीपासून अर्धा इंच वर. आत दीड इंच तरी माया (दुमडलेलं जादा कापड) ठेवायला सांग आणि ऑफिसच्या पँटला मशीन नको, हाताची तुरपाई. मशीनची ओळ घोट्यापाशी आडवी रेघ काढते आणि पाय तिथे तुटल्यासारखा दिसतो. उलटून दुमडलेली मोहरीही त्याचसाठी टाळ.

ग्रे पँट टाकू नकोस. उलटी करून फोटो टाक.

लेस्टरवाली:
इथे इंग्लंडमध्ये दुकानात यासाठीच दोन वेगळे शब्द आहेत. ‘शॉर्ट’ म्हणजे फक्त पाय आखूड. मार्क्स अँड स्पेन्सरमध्ये एकाच पँटच्या शॉर्ट, रेग्युलर, लाँग अशा लांब्या असतात. ‘पेटीट’ म्हणजे आसन, गुडघा, खिसे सगळंच वर घेतलेलं, साधारण पाच फूट तीन इंच आणि त्याखालच्या बायकांसाठी. मी पाच फूट एक. पहिली तीन वर्षं शॉर्ट घेत राहिले आणि झोळी माझ्याच अंगाचा दोष समजत राहिले. सुईदोराताईंनी लिहिलंय ते तेव्हा वाचलं असतं तर!

निळीशाई:
बारा इंचांचं खरंच माहीत नव्हतं. आत्ता माझी काळी पँट मोजली, पावणेबारा. म्हणूनच बसलं की पोटाला रुतते.

मुक्ता_ठाणे:
फोटो टाकला आहे. बरोबर तशीच आहे, गुडघ्याला आडवी साडेआठ, पोटरीवर आठ, खाली साडेनऊ. माया काहीच नाही, दोरा ओढला की संपलं. मी घातलेला कुर्ता मांडीच्या मधोमध येतो, तोही चुकतोय का?

सुईदोरा:
हो, तोच पाय अर्धे करतो. पँटवर एकतर कंबरेखाली चार बोटं संपणारं काहीतरी घाल, नाहीतर सरळ गुडघ्याखाली जाणारा कुर्ता. मधलं नको.

पँटची लांबी परत येणार नाही, पण खालचा घेर काढता येईल. गुडघ्याच्या साडेआठपासून पोटरीच्या आठवर ये आणि तिथून मोहरीपर्यंत आठच ठेव, दोन्ही बाजूच्या शिवणींतून सारखं आत घेत. एकाच बाजूने घेतलं तर क्रीज वळते. मशीनची टीप उसव, काठाला त्याच रंगाची पट्टी लावून आत दुमड, तुरपाई कर. सरळ, घोट्याच्या वर संपणारी पँट होईल.

मुक्ता_ठाणे:
रविवारी आईच्या मशीनवर बसले. दोन्ही बाजूंनी पोटरीपाशी शून्यापासून सुरुवात करून खाली पाऊण-पाऊण इंच. आधी कच्चा टाका घालून बघितली, मग पक्की. फॉलची ग्रे पट्टी लावली, तुरपाई आईने केली, तिचा टाका माझ्यापेक्षा बारीक येतो. सोमवारी ग्रे बॅलेरिना (चपटे बूट) आणि खोचलेल्या शर्टवर घालून गेले. आसनाची झोळी थोडी आहेच, पण बाकी पँट माझी वाटते. टेप पर्समध्ये आहे. शनिवारी अँकल लेंथ शोधायला जाते आहे, काळी की नेव्ही?

सुईदोरा:
नेव्ही. आणि आधी आसन मोज.